सीआरपी वाढलंय, पण ताप तर नाही

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. माझे मिस्टर ५६ वर्षांचे आहेत. भोसरीला एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. तीस वर्षं झाली, रोज दहा-बारा सिगारेटी ओढतात. दिवाळीनंतर सोसायटीत सवलतीच्या दरात ‘फुल बॉडी चेकअप’चा कॅम्प झाला. त्यात यांचे तीन आकडे लाल रंगात आले : सीआरपी ७.२, पांढऱ्या पेशी ११,६०० आणि सीईए ४.४. ताप नाही, सर्दी नाही, जेवण व्यवस्थित. सकाळी खोकतात, पण तो खोकला कायमचाच आहे. माझा भाचा म्हणतो, सीआरपी आणि सीईए दोन्ही वाढले म्हणजे कॅन्सर. तेव्हापासून घरात कुणाला झोप नाही. जाऊबाई म्हणतात, अँटिऑक्सिडंटच्या आणि हळदीच्या गोळ्या सुरू करा, आतली सूज उतरेल. हे म्हणतात, मी तीन सिगारेटींवर येतो, आकडे आपोआप उतरतील. आम्ही काय समजायचं?
एक वाचक भगिनी, धनकवडी

उत्तर : ताई, भाच्याचं म्हणणं आधी बाजूला ठेवू या. या तीन आकड्यांवरून कॅन्सरचं निदान होत नाही. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, असे रिपोर्ट रोज माझ्या सहीने बाहेर पडतात. रोज दहा-बारा सिगारेटी ओढणाऱ्या, पण कॅन्सर नसलेल्या माणसाच्या रक्तात हे तिन्ही आकडे थोडे वर असणं नेहमीचं आहे. सीईए म्हणजे काही कॅन्सरमध्ये रक्तात वाढणारं प्रथिन. त्याची तर मर्यादाच दोन प्रकारची असते : न ओढणाऱ्यांसाठी साधारण ३, ओढणाऱ्यांसाठी ५. कॅम्पमध्ये तुम्ही सिगारेट ओढता का, हे कुणी विचारलं नसेल, म्हणून ४.४ लाल झाला. ज्याला काहीही त्रास नाही अशा माणसाची सीईए पॅकेजमध्ये घालून करूच नये, असं माझं ठाम मत आहे. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर उपचार झालेल्या रुग्णाकडे लक्ष ठेवायला ती तपासणी चांगली. निरोगी घरात ती फक्त घबराट पोचवते.

पण कॅन्सर ठरत नाही म्हणजे सगळं आलबेल आहे, असंही नाही. सीआरपी आणि पांढऱ्या पेशी मिळून एक खरी गोष्ट सांगताहेत. तुमच्या मिस्टरांच्या अंगात ताप न येता, दुखल्या-खुपल्याशिवाय, वर्षानुवर्षं दाह, म्हणजे जाऊबाई म्हणतात ती आतली सूज, चालू आहे.

सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते पहिल्यांदा सापडलं. जोराचा न्यूमोनिया झाला तर ते शंभराच्या वर जातं आणि रुग्ण बरा झाला की भराभर उतरतं. सिगारेट ओढणाऱ्यात ते शंभरावर जात नाही आणि उतरतही नाही. चार, सहा, सात असं वर्षानुवर्षं रेंगाळत राहतं. माणूस कामावर जातो, लग्नाकार्यात जेवतो, सिंहगडही चढतो, म्हणून कुणाला शंका येत नाही.

याचं कारण मला सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी दिसतं. फुप्फुसातल्या वायुकोशांत साफसफाई करणाऱ्या भक्षक पेशी असतात. सिगारेट किंवा बिडी ओढणाऱ्याची थुंकी काचपट्टीवर घेतली की या पेशींच्या पोटात तपकिरी-काळ्या कणांचा गच्च भरणा दिसतो. आयटीतला तरुण असो की मार्केट यार्डातला हमाल, पेशी सारख्याच. धुरात सात हजारांहून जास्त रसायनं असतात, त्यांतली सत्तरच्या आसपास कॅन्सर करणारी. भक्षक पेशी हे गिळते, पण पचवू शकत नाही. मग ती मदतीसाठी रासायनिक निरोप सोडते. एका निरोपाने रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी फुप्फुसाकडे धावतात. इंटरल्यूकिन-६ नावाचा दुसरा निरोप रक्तातून यकृताला पोचतो आणि यकृत सीआरपी तयार करतं. अस्थिमज्जाही जास्त पांढऱ्या पेशी पाठवू लागते. तुमच्या कागदावरचे ७.२ आणि ११,६०० तिथून आले.

आलेल्या न्यूट्रोफिल पेशी जंतूंसाठी तयार केलेलं द्रव्य सोडतात. त्यात इलॅस्टेज नावाचं विकर असतं, आणि समोर जंतू नसल्यामुळे ते वायुकोशांच्या भिंतीच कुरतडतं. या विकराला आवर घालणारं एक प्रथिन आपल्या रक्तात असतं, पण सिगारेटचा धूर नेमकं तेच निकामी करतो. भिंती फाटून लहान लहान वायुकोशांच्या जागी मोठ्या पोकळ्या होतात आणि पुढे जिना चढताना दम लागतो. श्वासनळीतली केसांसारखी लव मंदावते, कफ वर सरकत नाही, म्हणून सकाळचा खोकला. ताई, ‘कायमचाच आहे’ म्हणून तुम्ही तो खोकला पत्रात एका वाक्यात उरकलात. तिन्ही लाल आकड्यांपेक्षा मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

आता दाह आणि कॅन्सर यांचं नातं. बर्लिनच्या रुडॉल्फ विरशॉ यांनी १८६३ मध्येच कॅन्सरच्या गाठींत पांढऱ्या पेशी पाहिल्या आणि जिथे जुनाट दाह असतो तिथे गाठ उगवते, असं मांडलं. पुढे १९८६ मध्ये हॅरॉल्ड ड्वोराक या अमेरिकी पॅथॉलॉजिस्टने गाठ म्हणजे न भरणारी जखम, असा विचार पुढे आणला. गुडघा खरचटला की खपली धरते, खाली नवी कातडी येते आणि काम थांबतं. रोज कुणी ती खपली खरवडून काढली तर पेशींना थांबायची वेळच येत नाही. फुप्फुसात दिवसाला दहा-बारा वेळा हेच होतं. धुरातलं बेन्झोपायरीन आणि नायट्रोसामाइन पेशीच्या डीएनएवर घाव घालतात. दाहामुळे पेशींना पुन्हा पुन्हा विभागावं लागतं, आणि घाव न सुधारता विभागणी झाली की चूक पुढच्या पेशीत उतरते. शिवाय जखम भरून यावी म्हणून शरीर नव्या रक्तवाहिन्या आणि वाढीची द्रव्यं पुरवतं. एखादी बिघडलेली पेशी तिथे असेलच, तर तिला ती आयतीच मिळतात.

‘मग दाहच औषधाने बंद केला तर?’ असं कुणीही विचारेल. त्याची परीक्षा झाली आहे. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या आणि सीआरपी २ किंवा त्याहून जास्त असलेल्या सुमारे दहा हजार रुग्णांना इंटरल्यूकिन-१ बीटा हा दाहाचा आणखी एक निरोप रोखणारं इंजेक्शन देऊन पाहिलं. निष्कर्ष २०१७ मध्ये आले. प्रयोग हृदयासाठी होता, पण औषध घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कॅन्सरचं प्रमाण बरंच कमी दिसलं. दाहाचा कॅन्सरशी संबंध किती खोल आहे, हे त्यातून लख्ख दिसलं. मात्र त्याच औषधाने जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले, आणि पुढे फुप्फुसाचा कॅन्सर झालेल्यांना ते दिलं तेव्हा आयुष्य वाढलं नाही. दाह जंतूंपासून आपलं रक्षणही करतो. तो सरसकट बंद करून चालत नाही. आग लावणारी वस्तू काढून घेणं, हाच मार्ग उरतो.

जाऊबाईंच्या गोळ्यांबद्दल मला जरा कडक बोलावं लागेल. फिनलंडमध्ये एकोणतीस हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला. त्यात बीटा कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट गोळीतून घेणाऱ्यांना फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त झाला. हे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालं. अमेरिकेतही असाच प्रयोग चालू होता, तो १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावा लागला, तिथेही वाढच दिसली. गाजर खावं, पालक खावा, लाल भोपळ्याची भाजी करावी. पण सिगारेट ओढणाऱ्याला बीटा कॅरोटीनची गोळी देऊ नये, हे प्रत्येक घरात माहीत असायला हवं. आमटीतली हळद छानच आहे. कॅप्सूलमधला हळदीचा अर्क रक्तात फारसा उतरत नाही, आणि शोषण वाढवून दिलेल्या मोठ्या मात्रेने काहींच्या यकृताला इजा झालेली आहे.

मिस्टरांचं ‘तीनवर येतो’ हे त्यांच्या मनाच्या समाधानासाठी ठीक. हृदय तो हिशेब मानत नाही. रोज वीस सिगारेटींनी हृदयविकाराचा जो जादा धोका होतो, त्याच्या निम्म्याजवळ धोका रोज एका सिगारेटनेही होतो. शिवाय संख्या घटवलेली माणसं प्रत्येक सिगारेट जास्त खोल ओढतात. पूर्ण बंद करण्याची तारीख ठरवा. शिफ्टच्या मधला चहा गेटबाहेरच्या टपरीऐवजी कॅन्टीनमध्ये घ्यायला लावा, कारण बहुतेकांचा हात टपरीवरच खिशाकडे जातो. निकोटीनचं च्युइंगम औषधाच्या दुकानात मिळतं. ते सलग चघळायचं नसतं. थोडं चावून गाल आणि हिरडीच्या मध्ये धरून ठेवायचं. चहा-कॉफीनंतर पंधरा मिनिटं ते तोंडात घालू नये, नाहीतर निकोटीन शोषलं जात नाही. त्याने भागलं नाही तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर व्हरेनिक्लिन हे तलफ कमी करणारं औषध आहे. तंबाखूमुक्तीची सरकारी मोफत हेल्पलाइन १८००-११-२३५६ आहे. पहिले काही आठवडे खोकला वाढू शकतो, लव पुन्हा कामाला लागते म्हणून. त्याला घाबरून परत पाकीट आणू नका.

आणि दर महिन्याला सीआरपी करू नका. रक्तातला कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांत उतरतो, हृदयाचा धोका एक-दोन वर्षांत चांगलाच कमी होतो, पण सीआरपी खाली यायला काही वर्षं लागतात. तो आकडा हटत नाही म्हणून पुष्कळांचा धीर सुटतो. ब्रिटनमधल्या डॉक्टरांचीच पाहणी १९५१ पासून पन्नास वर्षं केली गेली. पन्नासाव्या वर्षी सिगारेट सोडणाऱ्यांना सरासरी सहा वर्षं जास्त मिळाली, साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांना तीन. तुमचे मिस्टर या दोन्हींच्या मध्ये आहेत.

या महिन्यात छातीच्या डॉक्टरांकडे जा, फुंकर मारून करतात ती स्पायरोमेट्री करून घ्या आणि कमी मात्रेच्या सीटी स्कॅनची गरज आहे का ते त्यांना विचारा. आपल्याकडे जुन्या टीबीचे डाग अनेकांच्या फुप्फुसात असतात, म्हणून स्कॅनवर काही दिसलं तर लगेच हाय खाऊ नका. मात्र थुंकीतून रक्त, खोकल्याचा सूर बदलणं, तीन आठवड्यांवर बसलेला आवाज किंवा कारण नसताना उतरलेलं वजन, यांतलं काहीही दिसलं तर थांबू नका. आणि थुंकीत टीबीचे जंतू न सापडता कुणी नुसत्या एक्स-रेवर महिनोन्‌महिने टीबीच्या गोळ्या देत असेल, तर दुसरं मत घ्या. त्यात कॅन्सर पुढे सरकल्याच्या कहाण्या मी जवळून पाहिल्या आहेत.

प्रश्न : बाबांना फुप्फुसाचा कॅन्सर आहे, केमो चालू आहे. हिमोग्लोबिन ८.९ आहे. बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे, लोहाच्या गोळ्या सगळं चालू आहे, तरी वाढत नाही. फेरिटिन मात्र ६४० आलं, म्हणजे लोह जास्त आहे म्हणे. हे कसं? वजन उतरतंय, दोन घासांत ताट सरकवतात, त्यावरून आई रागावते. लपून बिडीही ओढतात. आता सोडून काय फायदा, म्हणतात.
एक मुलगी, हडपसर

उत्तर : बाळा, आईला पहिल्यांदा सांग की तिच्या स्वयंपाकात काही कमी नाही.

वरच्या पत्रात धुराने दाह केला. तुझ्या बाबांच्या अंगात आता गाठ स्वतः दाह करते आहे. गाठीतून आणि तिच्याभोवतीच्या पेशींतून तेच इंटरल्यूकिन-६ रक्तात येतं. यकृत त्यावर हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं. हेप्सिडिन आतड्यातून लोह घेऊ देत नाही आणि साठ्यातलं लोहही बाहेर येऊ देत नाही. म्हणून साठा दाखवणारं फेरिटिन ६४०, आणि रक्त बनवायला हाती काही नाही. दाहात फेरिटिन तसंही वाढतं. त्यात केमोने अस्थिमज्जा थकलेली. अशा वेळी खजूर वाढवून हिमोग्लोबिन वाढत नाही आणि गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं. ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्त बनवायला प्रत्यक्ष किती लोह हाती आहे ते दाखवणारी तपासणी झाली आहे का, ते ऑन्कॉलॉजिस्टना विचार. शिरेतून लोह द्यायचं, रक्त द्यायचं की वाट पाहायची, हे त्यावरून ठरवता येतं.

भूक मरणं हेही त्याच द्रव्यांचं काम आहे. ती मेंदूतली भूक दाबतात आणि स्नायू झिजवतात. बाबा हट्ट करत नाहीत, त्यांच्याने खरंच जात नाही. भरलेलं ताट समोर आलं की अशा माणसाला दडपण येतं. दोन-दोन तासांनी वाटीभर द्या : मऊ खिचडीवर तूप, अंडं, शेंगदाण्याचं कूट घातलेली दशमी, जे त्यांना रुचेल ते. रुग्णालयात आहारतज्ज्ञ असतील तर एकदा भेटा. जेवणाची वेळ भांडणाची होऊ देऊ नका, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

बिडी सोडून फायदा आहे. निदानानंतर सोडणाऱ्यांचं आयुष्य ओढत राहणाऱ्यांपेक्षा जास्त असतं, जखमा चांगल्या भरतात, रेडिएशनचा त्रास कमी होतो. काही औषधं, उदाहरणार्थ फुप्फुसाच्या कॅन्सरवरची एर्लोटिनिब ही गोळी, धुरामुळे शरीरातून लवकर निघून जातात आणि घेतलेली मात्रा अपुरी पडते. बिडी विझू नये म्हणून सिगारेटपेक्षा जास्त वेळा ओढावी लागते, त्यामुळे टार आणि कार्बन मोनॉक्साइडही जास्त जातो. लपून ओढतात याबद्दल त्यांना लाजवू नकोस. निकोटीनचा पट्टा किंवा गम लावायला डॉक्टरांना सांग.

एक गोष्ट फ्रिजवर लिहून लाव : केमो चालू असताना १००.४ किंवा त्यावर ताप आला की रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालय गाठायचं. दाहाचा ताप की जंतुसंसर्गाचा, हे घरी बसून कळत नाही.

प्रश्न : सासूबाई पहाटे आणि दुपारी मिश्री लावतात. धूर नाही म्हणजे फुप्फुसाला त्रास नाही ना? त्यांच्या गालाला आतून पांढरा पट्टा दिसतो, दुखत नाही.
वाचक, भोर

उत्तर : फुप्फुसाला धूर जात नाही हे खरं, पण मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. तो हिरडीला लागून राहतो, तिथे रोज दाह होतो आणि तंबाखूतले नायट्रोसामाइन थेट त्वचेत मुरतात. आपल्या महाराष्ट्रात ओढणाऱ्यांपेक्षा लावणारे आणि चघळणारेच फार जास्त आहेत. पांढरा पट्टा दुखत नाही म्हणूनच तो दाखवायला हवा. दुखेपर्यंत थांबणारे रुग्ण आमच्याकडे उशिरा पोचतात. ससूनमध्ये किंवा जवळच्या दंतवैद्यकीय महाविद्यालयात या आठवड्यात तोंड तपासून घ्या. गरज वाटली तर छोटा तुकडा काढून बायोप्सी करतील, त्याला घाबरू नका. तोवर दात घासायला साधी पेस्ट द्या.

प्रश्न : सहा महिन्यांपूर्वी सिगारेट सोडली. आता शौचातून रक्त आणि आव पडते. दुर्बिणीने तपासल्यावर अल्सरेटिव्ह कोलायटिस निघाला. मित्र म्हणतो, सिगारेट सोडल्यामुळेच झालं, एखादी ओढत जा.
एक तरुण, हिंजवडी

उत्तर : मित्राचं म्हणणं तुम्हाला अर्धवट पोचलंय, पण त्यात तथ्य आहे. अल्सरेटिव्ह कोलायटिस हा मोठ्या आतड्याच्या दाहाचा विकार नुकतीच सिगारेट सोडलेल्यांत जास्त आढळतो आणि ओढणाऱ्यांत तुलनेने सौम्य असतो. दाहाच्या रोगांत हा वेगळाच अपवाद आहे. त्याच्या जवळचा क्रोन्स हा आजार मात्र सिगारेटने बळावतो, आणि संधिवाताचा धोकाही तिने वाढतो. एका आतड्याला थोडा आराम मिळावा म्हणून फुप्फुस, हृदय आणि मूत्राशय पणाला लावायचं कारण नाही. तुमच्या आजारावर मेसालामाइनपासून सुरू होणारी चांगली औषधं आहेत. पोटाच्या तज्ज्ञांना सोडल्याची तारीख आणि त्रास सुरू झाल्याची तारीख दोन्ही सांगा. दुखण्यासाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या मनाने घेऊ नका, त्यांनी आतड्याचा दाह उफाळू शकतो. आणि दिवसातून सहापेक्षा जास्त वेळा रक्तासह शौचाला होऊ लागलं किंवा ताप आला, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा.